अण्णाला कुणी पाय देईना

माझा थोरला भाऊ शेषगिरी, म्हणजे आमचा अण्णा, सरकारी दवाखान्यांतून डॉक्टरकी करून रिटायर झाला आणि तंजावरात मेलवीदी रस्त्यावरच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत पुन्हा डॉक्टरच होऊन बसला. मी जयश्री, शाळेतली बाई, तीही रिटायर. मागच्या खोल्यांत मी राहते. आम्ही एकमेकांच्या वाटेला फारसं जात नाही. सकाळी कॉफी एकत्र पितो आणि तेवढ्यात दिवसभराचं भांडून घेतो.

अण्णाकडे येणारे निम्मे लोक एकच तक्रार घेऊन यायचे: आयासम, म्हणजे थकवा. शेतात भाताची लावणी करणाऱ्या बायका, बसचे कंडक्टर, परीक्षेला बसलेली मुलं, सगळे थकलेले. दुसरे डॉक्टर अशांना टॉनिक लिहून देतात. अण्णाला टॉनिकचं नाव काढलेलं खपत नाही. "थकलो हे तोंड सांगतं," तो म्हणे, "कां थकलो ते अंग सांगतं. अंगाला विचाराला पाहिजे."

हे विचारणं शिकायला अखिला यायची. लांबच्या नात्यातल्या सुंदरीची ही मुलगी, नुकतीच डॉक्टर झालेली. हुशार, पण थकलेला पेशंट समोर बसला की आधी रक्ताच्या तपासण्या लिहायला घ्यायची. अण्णा तिच्या हातातलं पेन काढून घेई. एकदा ओरत्तनाडूकडची एक बाई आली. गालांना हळद, नखांवर मेंदी, विड्याने लाल झालेली जीभ. अखिलाने बघून सांगितलं, रंग तर चांगला आहे. अण्णाने त्या बाईची खालची पापणी जरा ओढून दाखवली. आत पांढरंफटक. "रंग तिने लावलाय की," तो म्हणाला. "जिथे लावता येत नाही तिथे बघ." मला दाराआड हसू आलं आणि अखिलाला रडू.

मग ती शिकली. पेशंटला पाणी प्यायला लावून गळ्याशी गाठ हलते का बघायचं. हात न टेकता खुर्चीवरून उठायला सांगायचं. नाडी आणि घड्याळ दोन्हीकडे लक्ष ठेवायचं, गप्पा मारत. पोट चाचपताना पोटाकडे नाही, तोंडाकडे बघायचं.

पायांचं मात्र अण्णाला कधी जमलं नाही. घोट्याच्या वर हाडावर अंगठा दाबून धरायचा आणि सोडायचा. खळगा राहिला तर अंगात पाणी साठलंय. एवढं सोपं काम. पण अण्णाने हात खाली नेला की पेशंट पाय आत ओढून घ्यायचा. पांढऱ्या केसांचा माणूस, त्यात डॉक्टर, त्याने आपल्या पायांना हात लावायचा म्हणजे पाप. बायका तर पाय साडीत गुंडाळून बसायच्या. अण्णा समजवायचा, चिडायचा आणि शेवटी हात टेकायचा. नाइलाजाने तो डोळ्यांनीच बघायला शिकला: पैंजणाचा वळ किती खोल आहे, चपलेचा पट्टा कुठे रुतलाय. "मला कोण पाय देत नाहीत," तो अखिलाला म्हणे. "तुला देतील. तू सोडू नको."

या पोंगलनंतर अण्णा स्वतःच थकायला लागला. संध्याकाळी देवळापर्यंतचा फेरा बंद झाला. रात्री आरामखुर्चीत बसूनच झोपायचा. म्हणाला, आडवं झालं की उशी टोचते. चप्पल घट्ट व्हायला लागली तेव्हा एक नंबर मोठी रबरी चप्पल आणली आणि जुनी पावसात आखडली असं सांगितलं. पाऊस कुठे पडला, असं मी विचारल्यावर पेपरात तोंड घातलं. कुणाला तरी दाखव म्हटलं की उठून आत जायचा, आणि जाताना दाराची चौकट धरायचा. मला त्याचा राग यायचा आणि भीतीही वाटायची. घरात आम्ही दोघंच. त्यातलं रागावणं सोपं होतं, म्हणून मी तेच करत होते.

बरेच दिवस अखिला सरकारी नोकरीच्या परीक्षेच्या गडबडीत आली नव्हती. उन्हाळा लागला आणि तिला एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात नेमणूक मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ती फळं आणि विडा घेऊन नमस्काराला आली. अण्णा ताठ उभा राहिला. धोतर पार पावलांपर्यंत सोडलेलं होतं. ते तो हल्ली तसंच नेसायचा. मला वाटायचं, म्हातारपणी ऐट सुचली.

तिने गुडघे टेकून डोकं जमिनीला लावलं, दोन्ही हातांनी त्याचे पाय धरले. अण्णाने आशीर्वाद दिला. ती उठेना.

"उठ की, पोरी."

तिने धोतराचा काठ जरासा वर सारला. उजव्या हाताचा अंगठा त्याच्या घोट्यावर रुतला होता. अण्णा पाय मागे ओढायला लागला.

"मामा, पाय मागे घेऊ नका," ती खालूनच म्हणाली. "सोडू नको म्हणून तुम्हीच सांगितलं."

तिने अंगठा काढला. खळगा तसाच राहिला. आम्ही तिघंही त्या खळग्याकडे बघत होतो आणि तो भरून येत नव्हता.

"बसा," अखिला म्हणाली. आजवर त्या खोलीत हा शब्द फक्त अण्णा उच्चारायचा. तो बसला. तिने त्याला मागे रेलायला लावलं, मान वळवून गळ्याची शीर बघितली, पाठीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकलं. अण्णा एकदाच बोलला: "आणखी खाली लाव." तिने खाली लावली.

"हार्ट आहे, मामा. फुफ्फुसात खाली पाणी आहे. आत्ताच मोठ्या हॉस्पिटलात जायचं."

"बरोबर आहे," अण्णा म्हणाला. तिचा पेपर तपासल्यासारखा.

अखिला रिक्षा बघायला बाहेर गेली. मी अण्णासमोर उभी राहिले. "तुला ठाऊक होतं?"

"चप्पल घेतली तेव्हापासून."

"आणि मला पाऊस सांगितलास."

तो खाली, आपल्या पायांकडे बघत होता. "किती लोकांना मी समजवलो, जया, पाय द्या, भिऊ नका म्हणून," तो म्हणाला. "मलाच भ्या वाटलं."

एवढे दिवस साठवलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मी कोपऱ्यातली रबरी चप्पल उचलली, खाली बसले आणि त्याचा सुजलेला पाय हातात घेतला. तो त्याने मागे घेतला नाही.