मुनशीजी सरकून बसले

या सदरातले अनुभव मी नेमानं वाचते. पिंपळाखालची बाई, वळून पाहिलं तर गायब झालेला माणूस... वाचते, चहा पिते आणि घोरत झोपते. कारण असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. तरुणपणी तर त्याहूनही नव्हता. मी फिजिक्स-केमिस्ट्री घेऊन अमरावतीला बी.एस्सी. झालेली, आणि सासरच्या मांजरालासुद्धा हे ठाऊक होतं, कारण मीच येताजाता सगळ्यांना ऐकवत असे. तेव्हाची ती शहाणी आज भेटली तर तिची वेणी ओढीन म्हणते.

पण गेल्या दिवाळीत एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून माझी दुपारची झोप उडाली आहे. म्हणून लिहिते.

साल एकसष्ट-बासष्ट असेल. सासर अकोल्याचं. मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात जायच्या आधी आमचं घर लागे — सकाळी कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा ऐकून उठायचं, इतकं जवळ. सासरे, म्हणजे मामंजी, वकील. पुढची खोली ही त्यांची बैठक. रस्त्याकडे खिडक्या, आत माजघराचं दार, आणि खाली अख्खी खोली भरून लोकरीचा लाल गालिचा. एका टोकाला मामंजींची गादी, तक्के, उतरतं डेस्क. दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली, गालिच्यात एक खड्डा.

तो खड्डा मुनशीजींचा. मुनशीजी म्हणजे मामंजींचे कारकून. सारी उमर त्या एका जागी बसून त्यांनी अर्ज लिहिले. बसायची त्यांची एक तऱ्हा होती — डावी मांडी घातलेली आणि उजवा गुडघा उभा. त्यामुळे गालिच्याची लव तिथे कायमची दबली होती. एक मोठा लांबट गोल, आणि त्याच्या पुढ्यात तळव्याएवढा लहान. दुसरी एक सवय अशी, की एखादा पक्षकार किंवा एखादा सौदा मनाला पटला नाही, तर तोंडानं काही बोलायचे नाहीत. बसल्या बसल्या सरकत सरकत मामंजींच्या डेस्काला येऊन टेकायचे. मामंजी ओळखायचे आणि काहीतरी सबब सांगून नाही म्हणायचे. मुनशीजींचा अंदाज बरेचदा साफ चुकायचा, चांगली चांगली कामं हातची गेली होती. पण ते सरकले की मामंजी ऐकायचे, एवढं खरं.

मी सून म्हणून आले तेव्हा ते होते. चार वाजता त्यांना चहा नेऊन द्यायचं काम माझं. मी सांगतेय त्याच्या आदल्या थंडीत ते वारले आणि खिडकीखाली नुसता खड्डा राहिला.

त्या चैत्रात माझी नणंद कुसुम हिला पाहायला परतवाड्याचे लोक यायचे ठरले. लाकडाचे मोठे व्यापारी, मुलगा शिकलेला, माणसं सज्जन. फोटो पाहूनच त्यांनी मनातून पसंती दिली होती. आता बैठकीत बसायचं, कांदेपोहे व्हायचे, आणि मामंजींनी हो म्हणायचं — तिथेच सुपारी फुटणार होती. सासूबाई हवेत होत्या. कुसुम मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. तिला अमरावतीला जाऊन बी.ए. करायचं होतं. ही गोष्ट तिनं फक्त मला सांगितली होती, तीही पापड लाटताना, खाली मान घालून.

"बाबांना सांग ना," मी म्हटलं.

"माझी जीभच उचलत नाही वहिनी. आणि स्थळाला नाही म्हटलं तर आई विहिरीत उडी टाकीन म्हणते."

"विहिरीला पाणी कुठं आहे या दिवसांत," मी म्हटलं. असल्या वेळी मला असलेच विनोद सुचायचे. मदत मात्र काही सुचली नाही.

सासूबाईंना काळजी गालिच्याची. "थो खड्डा पाह्यला तं लोकं काय म्हनतील वं? वकिलाच्या घरी पोतेरं हाथरलं म्हनतील!"

मग काय, विज्ञान धावून आलं. मी जाहीर केलं — लोकरीची लव वाफेनं उभी राहते. वाफ धरायची, ब्रश उलटा फिरवायचा, झालं. माझ्या भावानं मुंबईहून नवाकोरा प्रेशर कुकर आणून दिला होता. सासूबाईंनी त्यात भाताचा एक दाणा शिजू दिला नव्हता. कारण पहिल्याच दिवशी त्यानं शिट्टी मारली. "ज्या घरात पोरगी लग्नाची हाय, त्या घरात शिट्ट्या? बेशरम भांडं!" असं म्हणून त्यांनी तो माळ्यावर टाकला होता. तो मी खाली काढला. शिट्टी काढून ठेवली, झाकणावरच्या वाफेच्या तोंडाला रबराची लांब नळी जोडली, नळीच्या टोकाला पत्र्याचं नरसाळं आणि नरसाळ्यावर जुन्या धोतराचं फडकं. खाली स्टोव्ह. स्टोव्हला पंप मारायला कुसुम. हे आमचं वाफेचं यंत्र!

पदर खोचून मी गालिच्यावर रांगत होते, नरसाळं फुसफुसत होतं, बाहेर अकोल्याचं ऊन आणि आत ही वाफ... घामानं माझं कुंकू नाकापर्यंत आलं. सासूबाई दारातून पाहत होत्या. "हे काय करून राहिली वं सूनबाई? गालिचा धुऊन राहिली का शिजवून राहिली?"

पण लव उठली हो! वर्षानुवर्षांची धूळ फडक्याला आली, लाल रंग डाळिंबासारखा उघडला, आणि खिडकीखालचा खड्डा नाहीसा झाला. मामंजी सकाळचं कोर्ट आटोपून आले, उंबऱ्याशी जोडे काढले आणि तिथेच उभे राहिले. बराच वेळ खिडकीखाली पाहत होते. "बरं झालं," एवढंच म्हणाले आणि आत गेले. मला वाटलं, कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाळ्याच्या ताटीवर पाणी मारायला बैठकीत गेले, तर गालिच्यात खड्डा. लांबट गोल, पुढ्यात लहान गोल. पण खिडकीखाली नाही. हातभर अलीकडे.

पहिला संशय मांजरावर. मांजर एवढं मोठं नव्हतं. दुसरा संशय सासूबाईंवर. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मले गुडघा मोडून बसता येते का? काहून बोलून राहिली?" तिसरा आमच्या ह्यांच्यावर. ते तर पोट धरधरून हसले. "लव बसली? मग उठव. बी.एस्सी. कशाला केलंस?"

मी पुन्हा कुकर चढवला. लव उठली. उन्हानं तासाभरात गालिचा खडखडीत वाळला. मी बैठकीची दारं-खिडक्या लावून घेतल्या, कडी घातली. दुसऱ्या दिवशी कडी काढली... खड्डा आणखी अलीकडे सरकलेला. आता खोलीच्या मध्यावर.

तेव्हा मला कुसुमवर संशय आला. मुनशीजींची तिच्यावर माया होती. लहानपणी अर्जांच्या पाठकोऱ्या कागदांवर त्यांनीच तिला अक्षरं गिरवायला दिली होती. त्यांच्या बसण्याची नक्कल तिला झोपेतसुद्धा जमली असती. आणि मुनशीजी सरकले म्हणजे काय, हे तिच्याइतकं कोणाला कळणार? मनात म्हटलं, पोरगी हुशार निघाली. तोंडानं बोलता येत नाही तर अशी बोलतेय. मी तिला काही विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही. ती स्टोव्हला पंप मारायची, मी वाफ द्यायची. एकमेकींकडे पाहायचं आम्ही टाळत होतो.

पण जीव थाऱ्यावर नव्हता. जेवताना उठून बैठकीत डोकावायचं, पोळी लाटता लाटता डोकावायचं. पाहुणे यायच्या आदल्या दुपारी ठरवलं, आज इथेच बसायचं. सगळे माजघरात झोपलेले. कुसुमही — तिची वेणी मला उघड्या दारातून दिसत होती. गालिचा सकाळीच वाफवलेला, कुठे डाग नाही, चुणी नाही. मी भिंतीला टेकून बसले. ताटीतून ओला वास येत होता. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

आणि मग माझ्या डोळ्यांदेखत लव खाली गेली.

झपकन नाही. माणूस वाकतो, हात टेकतो, मग बसतो... तशी. आधी पंज्याएवढी जागा दबली. मग लांबट गोल. मग, जरा थांबून, पुढ्यातला लहान गोल — गुडघा उभा करून पाय टेकवावा तसा. आवाज नाही, वास नाही, गार वारा नाही, तुमच्या गोष्टींत असतं त्यातलं काहीही नाही. फक्त लोकर दबली. डेस्कापासून दीड हातावर.

मी काय केलं? किंचाळले? शुद्ध हरपली? नाही. सवयीनं माझ्या तोंडातून गेलं, "चहा टाकू का मुनशीजी?"

उत्तर आलं नाही, देवाची कृपा. मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन खरंच चहा टाकला. भर उन्हात, एकटीनं, दोन कप. दोन्ही मीच प्याले. मग स्वतःला समजावलं — ऊन लागलं, डोळा लागला, स्वप्न पडलं. संध्याकाळी यंत्र काढून पुन्हा लव उठवली. नरसाळ्याचा चटका बसला. त्याचा डाग मनगटावर अजून आहे.

पाहुणे आले. परतवाड्याहून मोटारीनं. मुलगा, त्याचे वडील, काका. बैठक नवरीसारखी सजवलेली, गालिच्यावर एक सुरकुती नाही — सकाळी मी आणि सासूबाईंनी दोघींनी पाहिलं. मी आणि कुसुम आत, पोह्यांच्या बशा भरत होतो. मी एक क्षण तिला नजरेआड होऊ दिलं नाही. वाटलं, आता काही चहाटळपणा केला तर हिच्याच अंगाशी येईल.

मुलाच्या काकांना मामंजींशी बोलायचं होतं. ते डेस्काजवळ बसायला वाकले. मी बशा घेऊन दारात आले होते. मामंजींनी एकदम हात आडवा केला. "तिथं नका बसू. इकडे या, तक्क्याला टेका."

मी पाहिलं. डेस्काला चिकटून लव दबलेली होती. लांबट गोल, पुढ्यात लहान गोल.

कुसुम आली, बसली, नमस्कार केला, नाव-शिक्षण सांगितलं. मुलाचे वडील समाधानानं हसले. "मंग वकीलसाहेब? आमच्याकडून तं पक्कं हाय जी. तुमी सांगा."

मामंजींनी शेजारी खाली पाहिलं. चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, परत लावला. म्हणाले, "माफ करा. मुलीला अजून शिकायचं आहे. अमरावतीला पाठवतो आहे तिला. आधीच कळवायला हवं होतं, चूक माझी."

कुसुमच्या शिक्षणाचा शब्द त्यांच्या कानावर कोणी घातला नव्हता. मी नाही, ह्यांनी नाही. कुसुमनं तर नाहीच. तिनं सुपारीची तबकडी पाहुण्यांऐवजी माझ्याच पुढे केली.

पाहुणे गेल्यावर सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "सोन्यासारखं स्थळ! काहून नाही म्हनलं? कोनं सांगतलं तुमाले?"

"मुनशी सरकून आला होता," मामंजी म्हणाले.

"कोन मुनशी? मेला थो! तुमीच खांदा देल्ला न त्याले!"

"हो," मामंजी म्हणाले आणि डेस्काशी जाऊन कागद वाचत बसले. त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. त्या दिवसानंतर लव उभी राहिली ती राहिलीच. कुठेही दबली नाही. सासूबाईंनी कुकर परत माळ्यावर टाकला, बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

आता परतवाड्याच्या लोकांत पुढे काही खोट निघाली असती, तर माझी गोष्ट किती छान झाली असती! पण काही निघाली नाही. मुलगा गुणी होता, दुसरीकडे लग्न झालं, संसार सुखाचा झाला. कुसुम अमरावतीला गेली, बी.ए. झाली, बी.टी. झाली, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. लग्नही केलं, उशिरा, स्वतःच्या पसंतीनं. आणि मी इतकी वर्षं मनात ठरवून टाकलं होतं, की हे सगळं कुसुमचंच काम. माझ्या डोळ्यांसमोर जे घडलं ते उन्हाची झापड. पाहुण्यांच्या दिवशी कधीतरी तिनं मला चकवलं असणार, बस. यालाच मी शास्त्रीय दृष्टी म्हणत होते.

गेल्या दिवाळीत ती माझ्याकडे आली होती. दोघी म्हाताऱ्या, दोघींचे गुडघे गेलेले, अंगणात खुर्च्या टाकून चिवडा खात होतो. मी डोळा मारून म्हटलं, "कुसुम, आता तरी कबूल कर. गालिच्यावर तूच जाऊन बसायचीस ना?"

तिनं चिवड्याची वाटी खाली ठेवली.

"मी?" ती म्हणाली. "वहिनी, त्या तुम्हीच नव्हतात?"



"मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी करता," ती म्हणाली. "मुनशीजींची सवय तुम्हाला माहीत होती, वाफेचं यंत्र तुमच्या हातात होतं... मी सगळा जन्म तेच समजत आले. म्हणून तर पहिल्या पगाराची साडी आईला नाही घेतली, तुम्हाला घेतली."

ती मोरपंखी साडी मला आठवते. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता, आणि का दिली असेल असा प्रश्न एकदाही पडला नव्हता.

मग आम्ही दोघींनी सगळी माणसं मोजून पाहिली. सासूबाई, मामंजी, हे, मोलकरीण, मांजर. कोणी उरत नाही. उत्तर तिच्याकडे नाही, माझ्याकडे नाही, आणि फिजिक्सच्या पुस्तकात असेल तर ते पान आम्हाला शिकवलं नाही. माझा अजूनही असल्या गोष्टींवर विश्वास नाही. फक्त ती साडी मी विरेपर्यंत नेसले, लग्नाकार्यांत मिरवली, आणि ती खरं तर माझ्यासाठी नव्हतीच... हे काही मनातून जात नाही.