गुरुवारी बंद असणारी बाग

चिंचवडच्या बागेबाहेर उकडलेल्या शेंगांचा वास आला आणि लहानपणीचा एक गुरुवार आठवला. बाबांच्या कंपनीला सुट्टी गुरुवारचीच. माझी दीड वर्षाची बहीण चिमी त्यांच्या खांद्यावर, आई ठेवणीतल्या साडीत, आणि फाटकाला कुलूप.

“गुरुवारी बंद असतं, राव. रविवारी या,” वॉचमन म्हणाला.

“रविवारी मी मशीनवर असतो, भाऊ. पोरीला तिथं खेळवू का?”

घसरगुंडीकडे बघून चिमी रडायला लागली. मग आईबाबांनी तिचे दोन्ही हात धरून रस्त्यावरच झोके दिले. ती खिदळली, मीही हसलो.

आता त्या हसण्याचीच चीड येते. कामगारांच्या गावातली बाग कामगारांच्या सुट्टीलाच बंद, हे ठरवलं कुणी? आजही गुरुवार आहे. माझी पोर खांद्यावर आहे, कुलूपही आहे. झोके नंतर देईन. आधी हे फाटक वाजवतो.