भिंतीतलं एटीएम

माझी बायको फेब्रुवारीत गेली. मे महिन्यात आम्ही दोघं मुलीकडे जर्मनीला जाणार होतो. तिकिटं काढलेली होती. एक रद्द केलं.

बँकेचं सगळं तीच बघायची. मी मुद्रितशोधक, घरी बसून इतरांच्या पुस्तकांतल्या चुका काढायचो. कोथरूडला एटीएमपाशी पोचलो की ती आत जायची आणि मी बाहेर स्कूटर धरून उभा राहायचो. "अहो, तुम्ही नका येऊ. स्क्रीनवरचं सगळं वाचत बसाल आणि मागे रांग लागेल," म्हणायची. माझ्या नावाचं कार्ड बँकेच्या पाकिटातच कपाटात पडून होतं.

मुलीने फोनवर सांगितलं, "बाबा, कार्डबिर्ड काही आणू नका. पैसे मी देईन. आणि आता परत जायची घाई करू नका." बोलण्याचा रोख कळला. ज्याला स्वतःचे पैसे काढता येत नाहीत त्याला पुण्यात एकटं कसं ठेवायचं, हा तिचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. पण मला माझ्या घरीच राहायचं होतं. मी पाकीट फोडलं.

बँकेच्या शाखेतल्या मुलीने नवा पिन घ्यायला लावला, परदेशातला वापर सुरू करून दिला. म्हणाली, "काका, तिथलं मशीन विचारेल, रुपयांत हिशेब करू का. नाही म्हणा. त्यांचा दर महाग पडतो."

"आणि हो म्हटलं तर?"

"तर तुमचे पैसे, तुमची मर्जी," म्हणून तिने पुढच्या माणसाला बोलावलं.

मुलीच्या गावातल्या एटीएमला खोली नव्हती, दार नव्हतं. रस्त्याकडेच्या भिंतीतच यंत्र बसवलेलं. समोर एक बेकरी, आणि तिथे फक्त रोख चालायची. एका शनिवारी सकाळी पाव आणायला निघालो तेव्हा मी यंत्रापाशी थांबलो. मुलगी शेजारी येऊन उभी राहिली.

"तू समोर थांब," मी म्हटलं.

"बाबा, मी तुमचा पिन चोरणार नाहीये."

"माहीत आहे. समोर थांब."

ती रस्ता ओलांडून बेकरीच्या पायरीवर उभी राहिली. मी कार्ड घातलं, इंग्रजी निवडलं, पिन दाबला. मग शुल्काबद्दलचा मजकूर आला. वाक्य लांबलचक होतं, म्हणून मी ते पुन्हा सुरुवातीपासून वाचायला घेतलं. तेवढ्यात यंत्राने कार्ड बाहेर ढकललं.

"बाबा, वाचू नका, दाबा," पलीकडून आवाज आला. "ते कुणासाठी थांबत नाही."

त्या रस्त्यावर मराठी कळणारं दुसरं कोणी नव्हतं, हे बरं झालं. कार्ड खिशात घालून रस्ता ओलांडणं सोपं होतं. मी ते परत आत घातलं. मागे एक बाई कुत्रा घेऊन येऊन थांबली. रांग लागली होती.

या वेळी मजकुरावर नजर ठरू दिली नाही. पुढे रुपयांतला आकडा आला. इतक्या दूर ओळखीचं काही दिसल्यावर बोट त्याच्याकडेच गेलं. मग शाखेतली मुलगी आठवली. 'नाही'चं बटण दाबलं. आधी कार्ड आलं, मागून नोटा आल्या.

पावाचे आणि कॉफीचे पैसे मी दिले. मुलीने कॉफी ढवळली.

"म्हणजे तुम्ही जाणारच."

"हो."

"आजारी पडलात तर?"

"तुला फोन करीन."

"आई असती तर तिला हे खरं वाटलं नसतं."

"तिने पावती मागितली असती," मी म्हटलं. ती हसली, आणि मग डोळे पुसायला तिने बेकरीचा कागदी रुमाल घेतला. राहा असं ती पुन्हा म्हणाली नाही.

जुलैत मी परतलो. स्कूटर विकून टाकली. पैसे संपले की एटीएमपर्यंत चालत जातो. स्क्रीनवरचं सगळं वाचत नाही. बाहेर कोणी थांबलेलं नसतं.