गाडीच्या पोटातला पिंजरा

सरळ सांगते. माझी रूममेट कित्येक महिने शनिवार-रविवार एका शेडमध्ये फुकट राबत होती आणि तिला त्याचं काहीही वाटत नव्हतं. मला वाटत होतं.

२०२० साली आम्ही दोघी आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या मेनूथ गावात एका घराच्या वरच्या मजल्यावर राहायचो. मी पुण्याची, समाजशास्त्र शिकायला आलेले. कॉलेज लॅपटॉपच्या पडद्यावर गेलं होतं, त्यामुळे मला वेळच वेळ होता. तो मी पत्रकं लिहिण्यात घालवायचे. घरमालकांनी डिपॉझिट दाबून ठेवणं, मांसाच्या कारखान्यात परदेशी कामगारांना एका खोलीत आठ-आठ जण कोंबणं, कामाच्या चाचणीच्या नावाखाली बिनपगारी राबवून घेणं, असले माझे विषय. ती कोल्हापूरची. डब्लिनमध्ये मेकॅनिकलची मास्टर्स संपवून बसलेली, सोमवार ते शुक्रवार एका सुपरमार्केटमध्ये मांडण्या भरणारी. शिरोलीच्या एमआयडीसीत तिच्या वडिलांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, ती लहानपणापासून तिथेच वाढली. त्यामुळे बोलणंही तिकडचं. कोल्हापूरच्या पोरी बोलतात तशी ‘मी आलो, मी जातो’ म्हणायची.

शिक्षणानंतरचा तिचा व्हिसा संपत आला होता. कोविडमुळे सरकार मुदत आपोआप वाढवत होतं, पण किती वेळा वाढवणार ते कुणी सांगत नव्हतं. इथे राहायचं तर तिला तिच्या शिक्षणाची नोकरी हवी होती आणि वर्क परमिटसाठी मालकाचं पत्र हवं होतं. मांडण्या भरून ते मिळत नाही. तिच्यासाठी सगळा प्रश्न त्या एका कागदाचा होता.

तो कागद देणारा माणूस गावाबाहेर सायकलने वीस मिनिटांवर राहायचा. साठीचा आयरिश माणूस, घरामागे पत्र्याची मोठी शेड, तिच्यात तो रेसच्या गाड्या बनवायचा. त्याने सत्तरच्या दशकातली एक अमेरिकन गाडी आणून ठेवली होती. लांबलचक बॉनेट, आठ सिलिंडरचं इंजिन, दोनच दारं, आणि मागे बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागणार. तळ गंजून चाळण झाला होता. हिची रेसची गाडी करायची, असं त्याने ठरवलं होतं. माझ्या रूममेटने तिच्या वडिलांच्या वर्कशॉपमधल्या कामाचे फोटो दाखवले, तेव्हा तो म्हणाला, ‘‘ये शनिवारी. बघू.’’

ती गेली. आणि जातच राहिली.

आधी त्यांनी गाडी सोलली. सीट, गालिचा, डॅशबोर्ड, आवाज येऊ नये म्हणून तळाला थापलेलं डांबर, सगळं काढलं. गंजका तळ कापून नवा पत्रा घातला. मागचे कमानपाटे काढून त्या जागी नळ्यांचे दांडे आणि स्प्रिंग बसवले. डिकीत पेट्रोलची वेगळी टाकी आली. मग आला पिंजरा. पिंजरा म्हणजे गाडीच्या आत जाड स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा. गाडी उलटली तर छत चेपतं, पिंजरा चेपत नाही, आतला माणूस वाचतो. रेसवाल्यांचा तपासनीस येऊन पिंजरा पास करत नाही, तोवर गाडी ट्रॅकवर जात नाही.

‘‘पिंजरा तू कर,’’ शेडवाला तिला म्हणाला. ‘‘पास झाला की तुला पत्र देतो.’’

‘‘लेखी दिलंय का?’’ मी विचारलं.

‘‘काय?’’

‘‘पत्र देतो, हे लेखी दिलंय का?’’

‘‘ए पुणेरी, तुमच्याकडं चहा पण लेखी देत्यात का गं? म्हातारा शब्द पाळणारा हाय.’’

‘‘बिनपगारी चाचणी म्हणतात याला. मी यावर पत्रक लिहिलंय.’’

‘‘वाचलंय की. भिंतीला चिकटवलंयस ते. गळती थांबली बघ तिथली.’’

माझा राग दुहेरी होता. एक तर तिला राबवून घेतलं जात होतं, आणि वर राबवून घेतलं जात होतं ते कशासाठी? कुणी तरी रविवारी गोल गोल फिरत पेट्रोल जाळावं म्हणून. आमच्या गावातून संध्याकाळची बस वेळेवर येत नव्हती आणि हा माणूस पाण्यासारखं पेट्रोल पिणाऱ्या गाडीला नवी टाकी बसवत होता. हे मी तिला अनेकदा सांगितलं. ती जेवत राहायची.

ऑक्टोबरात पिंजरा उभा राहिला. त्याच आठवड्यात सगळं पुन्हा बंद झालं आणि पाच किलोमीटरपलीकडे जायला मनाई आली. शेड पाच किलोमीटरच्या आत होती. शुक्रवारी संध्याकाळी तिने सगळ्या नळ्या थिनरने पुसल्या आणि शेडवाल्याला सांगितलं, रंगाआधीच्या प्रायमरला तयार आहे. सोमवारी सुट्टी होती, म्हणून मंगळवारी प्रायमर मारायचं ठरलं. मधल्या शनिवारी खंडेनवमी होती.

तिच्या वडिलांच्या वर्कशॉपमध्ये त्या दिवशी औजारं धुऊन-पुसून मांडतात, पूजा करतात आणि मग दिवसभर कुणी कशाला हात लावत नाही. तिने शेडवाल्याला विचारलं, औजारांची पूजा करू का. तो म्हणाला, ‘‘ग्रँड, करा. मी बहिणीकडे चाललोय. दार लावून जा.’’ इथे ‘ठीक आहे’ला ग्रँड म्हणतात. मी देव मानत नाही. पण वर्षातून एक दिवस काम बंद ठेवणारी प्रथा मला पटते, म्हणून मी गेले. निर्बंध असताना जायला नको होतं, तरी गेले.

ग्राइंडर, वेल्डिंगची टॉर्च, हातोड्या, पकडी असं सगळं तिने धुतलेल्या चादरीवर मांडलं. झेंडू मिळाला नाही, सुपरमार्केटातली शेवंती होती. व्हिडिओ कॉलवर तिचे वडील होते. ती फोन धरून उभी, म्हणून हळदीकुंकू लावायचं काम माझ्याकडे आलं.

‘‘काका, कुंकू चिकटत नाहीये, गळून पडतंय.’’

‘‘तेलात कालव की बाळ. खोबरेल तेल न्हाई व्हय?’’

होतं. माझ्याच बॅगेत, केसांचं. कालवलं. औजारं झाली.

‘‘आता गाडीला,’’ काका म्हणाले. ‘‘पोरीनं पिंजरा केलाय न्हवं? परत्येक जोडाला येक टिकली लाव. जोड घट्ट ऱ्हातोय.’’

‘‘आबा, त्याला फक्त औजारांचं इचारलंय,’’ ती म्हणाली.

‘‘मग पुसून टाका नंतर! कोन बघतंय?’’

मी गाडीत शिरले आणि प्रत्येक जोडावर बोट टेकवत गेले. वीस-बावीस जोड असतील. तासाभराने नारळ फोडून खोबरं खाल्लं आणि मी टिश्यू पेपरने एकेक टिकली पुसली. लाल रंग उरला नाही. मला वाटलं, स्वच्छ झालं.

मंगळवारी ती सुपरमार्केटातून थेट शेडवर गेली आणि तासाभरात परत आली. हेल्मेट न काढता पायरीवर बसली.

‘‘काय झालं?’’

‘‘प्रायमर फाटला. त्यानं सकाळीच मारला हुता. परत्येक जोडावर भोकं पडल्यात, वाटाण्याएवढी. म्हणतोय वेल्डमध्ये हवा ऱ्हायलीय, आतनं पोकळ हाय. सगळा पिंजरा कापनार म्हणतोय.’’

‘‘आणि तू?’’

‘‘मला यिऊ नको म्हणला.’’

‘‘तुझे वेल्ड पोकळ आहेत?’’

‘‘न्हाईत. म्हंजे, नसावेत.’’ मग म्हणाली, ‘‘असत्याल बी. परत्येक जोडावर कसं काय यील गं नाहीतर?’’

मी तोंडात आलेली वाक्यं बोलत होते. बघ, मी सांगत होते, लेखी घ्यायला हवं होतं, ही अशीच माणसं असतात वगैरे. बोलता बोलता थांबले. प्रत्येक जोडावर, नळीवर मधे कुठेच नाही. वाटाण्याएवढं म्हणजे माझ्या बोटाच्या टोकाएवढं.

‘‘तेल लागलेल्या पत्र्यावर रंग बसतो का?’’ मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मग हेल्मेट काढलं.

‘‘तू कशानं पुसलंस?’’

‘‘टिश्यूने.’’

‘‘थिनरनं न्हाई?’’

‘‘थिनरने पुसायचं असतं हे मला कुठे माहीत?’’

तिने मला ज्या शिव्या दिल्या त्या शिरोलीच्या असाव्यात, निम्म्या मला कळल्या नाहीत. माझी चूक होती. पण मी ते त्याला जाऊन सांगते म्हटल्यावर तीच अडवायला लागली. न विचारता गाडीला हात लावला हे कळलं तर तो कायमचं दार बंद करेल, असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, आत्ता तो तुला वेल्डिंग येत नाही असं समजतोय. परमिट वेल्डिंगसाठी हवंय की पूजेसाठी? तिने हेल्मेट परत घातलं. आम्ही सायकली काढल्या.

शेडवाला चहा पीत होता. मी इंग्रजीत सगळं सांगितलं. तेल, टिकली, टिश्यू.

‘‘तेल,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणजे चर्चमधलं असतं तसं?’’

‘‘नाही. केसांना लावायचं. नारळाचं.’’

‘‘माझ्या गाडीला केसांचं तेल लावलंत.’’

‘‘मी लावलं. हिने नाही. हिचे वेल्ड चांगले आहेत.’’

‘‘तुला काय कळतं वेल्डमधलं?’’

‘‘काही नाही. म्हणून म्हणते, प्रायमर काढा आणि तुम्ही बघा.’’

तो मग तिला म्हणाला, ‘‘काढ. सगळा. एकेक जोड मला उघडा दाखव. एक जरी पोकळ निघाला तरी घरी जायचं.’’

तिला दोन आठवडे लागले. थिनर, तारेचा ब्रश, पुन्हा थिनर. मी शनिवारी जाऊन फडकी पिळून द्यायचे. ती प्रत्येक जोडाखाली दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा धरायची, तो टॉर्च मारून बघायचा आणि ‘‘ग्रँड’’ म्हणायचा. पुढचे सगळे ग्रँड. दारांजवळचे ग्रँड. शेवटचा राहिला ड्रायव्हरच्या डोक्यामागचा, छताला टेकलेला. तिने ब्रश फिरवला तेव्हा वरच्या बाजूने राखाडी लगदा निघाला. पत्र्याचे खड्डे बुजवतात ती लांबी. तिच्याखाली वेल्ड नव्हताच. नळीच्या खालच्या अर्ध्या भागाला होता, वरचा अर्धा नुसता बुजवलेला.

तिने आरसा त्याच्या हातात दिला. त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं.

‘‘हा मी नाही केला,’’ ती म्हणाली.

‘‘माहीत आहे मला.’’

पिंजऱ्याच्या पहिल्या आठवड्यात, तिच्या हातात वेल्डिंगची टॉर्च द्यायच्या आधी, तो जोड त्याने स्वतः केला होता. छत आडवं येत होतं, वर हात पोचत नव्हता, म्हणून नंतर करू म्हणून बुजवला आणि विसरला. निदान तो तसं म्हणाला. मी तोंड उघडलं. रूममेटने माझ्या पायावर बूट ठेवला, स्टीलच्या टोकाचा. मी तोंड मिटलं.

‘‘पिंजऱ्याच्या पायांखालचा पत्रा चौकोनी कापू,’’ ती त्याला म्हणाली, ‘‘पिंजरा वीतभर खाली सोडू, वरनं वेल्ड मारू, परत उचलून पाय बसवू. माझे वडील ट्रकच्या केबिनला असंच करतात.’’

‘‘पद्धत मला माहीत आहे.’’

‘‘मग करू या.’’

त्यांनी केलं. त्या रात्री काका फोनवर खुशीत होते. बघ, म्हणाले, पूजेनं दाखवलं. मी म्हटलं, काका, तिच्या ब्रशने दाखवलं. ते म्हणाले, बरं बाई, ब्रशची पण पूजा केलीच हुती न्हवं?

तपासनीस आला पुढच्या वर्षी, उन्हाळ्यात, रेस परत सुरू व्हायच्या आधी. तोवर सरकारने व्हिसाची मुदत आणखी वाढवली होती. एका नळीला बारीक भोक पाडून जाडी मोजली, प्रत्येक जोडावर टॉर्च मारला, छताजवळच्या जोडापाशी जास्त वेळ थांबला. मग विचारलं, पिंजरा कुणी बनवला?

शेडवाल्याने अंगठ्याने तिच्याकडे दाखवलं. ‘‘तिने. सगळा.’’

पास.

आठवड्याने पत्र मिळालं. ती ते घेऊन घरी आली आणि फ्रिजवर लावणार होती. मी वाचायला मागितलं. ही माझी सवय तिला आवडत नाही. त्यात तास लिहिले होते, पगार लिहिला होता, सही होती. कामाचं नाव लिहिलं होतं ‘शेडमधील मदतनीस’.

‘‘यावर परमिट मिळत नाही,’’ मी म्हटलं.

‘‘आसू दे गं. त्याला काय कळतंय त्यातलं.’’

‘‘त्याला नसेल कळत. तुला कळतंय ना? मदतनीस आहेस तू?’’

तिने पत्राची घडी घातली. मी पत्रक म्हणून जे काही लिहिलं होतं ते सगळं तिला पुन्हा ऐकवायच्या तयारीत होते, पण तोवर ती जिना उतरून सायकलचं कुलूप काढत होती. मी लॅपटॉप घेतला आणि मागून गेले.

शेडवाला स्वयंपाकघरात होता. तिने पत्र टेबलावर ठेवलं.

‘‘मदतनीस नाही. फॅब्रिकेटर,’’ ती म्हणाली.

‘‘काय फरक पडतो? कामाचा पहिला दिवस सोमवारच आहे.’’

‘‘मदतनीसाने पिंजरा बनवला असं तपासनीसाला सांगितलं असतं का तुम्ही?’’

त्याने चष्मा शोधला. भांड्यांच्या कपाटातून पेन काढलं, त्या कपाटाला इथे प्रेस म्हणतात आणि त्याचे सगळे कागद तिथेच असायचे, कपांच्या मागे. ‘मदतनीस’वर रेघ मारली आणि वर लिहायला लागला.

‘‘खाडाखोड चालत नाही,’’ मी म्हटलं. ‘‘नवीन टाइप करू.’’

‘‘ही कोण आहे तुझी, वकील?’’

‘‘पुण्याची आहे,’’ ती म्हणाली.

मी लॅपटॉप उघडला. ती माझ्या खांद्यावरून बघत एकेक शब्द सांगत होती, वेल्डर आणि फॅब्रिकेटर, आणि तो समोर बसून स्पेलिंग बरोबर आहे का ते विचारत होता. त्याचा प्रिंटर पहिल्यांदा कागद गिळून बसला. दुसरा नीट निघाला. त्याने सही केली, तिने तो पंख्यासारखा हलवून शाई वाळवली आणि या वेळी माझ्याकडे न देता स्वतः पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला.