एका श्वासाचा मंत्र

हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही, पल्लवीपाशी तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही त्या टेबलाशी नव्हता.

मी खेळ बनवते. टेबलाभोवती बसून फासे टाकत आणि बोलत खेळायचे खेळ. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतले योद्धे, वैद्य, मांत्रिक होतात. प्रत्येकाची जादू वेगळी, आणि ती जादू कशी चालेल, कशी फसेल, हे ठरवणं माझं काम. मला ते येतं. उगाच लाजून काय सांगू? चांगलं येतं. माझा वैद्य दुसऱ्याचं दुखणं बरं करतो तेव्हा ते स्वतःच्या अंगावर घेतो. माझ्या योद्ध्याची जादू जखम झाल्याशिवाय जागी होत नाही. पण लोक मला ओळखतात ते मांत्रिकासाठी.

मांत्रिकाला फासे नाहीत. खेळणाऱ्याने मंत्र स्वतः, मोठ्याने, एका श्वासात म्हणायचा. अडखळलात की मंत्र तुटला, आणि तुटलेला मंत्र तुमच्याच सोबत्यांवर उलटतो. हा नियम वापरताना अख्खं टेबल श्वास रोखून बसतं. मी पाहिलंय, अनोळखी शहरांत, अनोळखी मुलांच्या टेबलांवर. ऊर भरून येतो माझा.

हा नियम मी का केला, ते सांगायचंय.

नंदनवन वस्तीतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत दर रविवारी दुपारी आम्ही खेळायचो. कूलर लावून, मध्ये तर्रीपोह्यांचं पातेलं ठेवून. गोष्ट मी चालवायची. माझी मैत्रीण पल्लवी योद्धा होती. सुजित कामठीहून शेअर ऑटोने यायचा, तो मांत्रिक. घरचे पॉवरलूम होते त्याचे. त्या खडखडाटातून सुटून यायचा आणि शांत बसायचा. बोलताना तो अडखळायचा. म्हणून कमी बोलायचा. पण बोलला की सगळे त्याच्याकडे वळायचे.

आठवडाभर खपून मी गोष्टीसाठी एक किल्ला रचला होता. चोरवाटा, सापळे, वेढा, सगळं. सुजितने पहारेकऱ्याला विचारलं, ‘तुले घरी जाऊन किती दिवस झाले गा?’ — एवढंच. मला त्या पहारेकऱ्याला रडवावं लागलं, दार उघडावं लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्यासाठी. माझ्या गोष्टीत, माझ्या घरात.

मत्सर म्हणतात तो हाच ना? मला तेव्हा वाटलं, खेळात समतोल राहिलेला नाही. मांत्रिक फार भारी झालाय. असं आपण स्वतःला किती सहज पटवतो!

पुढच्या रविवारी मी नवा नियम आणला. सगळ्यांना आवडला. सुजितलाही. ‘मस्त आहे वं,’ म्हणाला. तो मांत्रिकच राहिला. तो राहणार हे मला माहीत होतं.

अजून खरं सांगितलं नाही मी. नियम अर्धाच गुन्हा. मंत्रही मीच लिहिले होते.

सुजित सगळ्याच अक्षरांना अडखळत नसे. पल्लवीला हाक मारताना अडखळायचा. पाणी मागताना अडखळायचा. मी ते ऐकून ठेवलं होतं. आणि मी लिहिलं — ‘पेटत्या पाण्याच्या पाखरा, पंख पसर, पूल पेलून धर.’

त्या दुपारी पल्लवीची योद्धा मोडत्या पुलावर उभी होती. सुजितने श्वास घेतला. पहिल्याच अक्षरावर ओठ मिटले ते सुटेनात. मान ताणली गेली, डोळे मिटले. पातेल्यातला चमचाही कोणी हलवला नाही. मी थांबू शकत होते. ‘चल, फासा टाक’ म्हणू शकत होते. मी गोष्ट सांगायच्या माझ्या त्या भरदार आवाजात म्हणाले, ‘मंत्र तुटला.’

पूल कोसळला. पल्लवीने तीन वर्षं जपलेली योद्धा मेली. ती रडली, मग रडल्याबद्दल हसली. सुजित तिची माफी मागत होता, आणि तिचं नावही त्याच्या तोंडून निघत नव्हतं.

तो पुन्हा आला नाही. बाकीच्यांना मी सांगितलं, त्याचं लूमचं काम वाढलंय. कोणी फार विचारलं नाही.

खेळ छापला गेला. तो मंत्र नियमांच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर आहे. मुलं तो पाठ करतात. एका कार्यक्रमात कोणी विचारलं, हे सुचलं कसं? मी म्हणाले, लहानपणी आजोबा एका दमात स्तोत्र म्हणायचे. आजोबांना मी पाहिलेलंही नाही.

मागच्या महिन्यात सुजितचा फोन आला. इतक्या वर्षांनी. त्याच्या मुलीच्या शाळेतल्या कोणाकडे माझा खेळ होता.

‘पोरीले शिकवून राहिलो,’ तो म्हणाला. अजूनही अडखळतो, पण आता घाई करत नाही. ‘ते मंत्राचं एक नंबर केलं वं तू. तेव्हा मीच कच्चा होतो. प... पल्लवीचं वाईट वाटते मले अजून.’

इतकी वर्षं तो ते स्वतःच्या माथी घेऊन बसला होता. एक वाक्य पुरलं असतं. माझ्या तोंडाला कुठलंच अक्षर अडत नाही.

‘होतं असं कधीकधी,’ मी म्हणाले. आणि मुलीचं नाव विचारलं.

नवी आवृत्ती छापायला गेली आहे. शेवटचं वाचन मीच केलं. मंत्रातलं एकही अक्षर बदललेलं नाही. मी केलेल्या कामातलं ते सगळ्यांत चांगलं काम आहे, असं मला आजही वाटतं.