स्टोव्हवर शिजलेली खळ

आमच्या गल्लीत पंपाचा स्टोव्ह आला तो माझ्याबरोबर. लग्नात भावानं इतवारीच्या बाजारातून घेऊन दिला, आणि देण्याआधी दुकानातच बसवून माझ्याकडून खोलून-जोडून घेतला. सासरी मात्र तो फडताळावर जाऊन बसला. कोष्ट्याचं घर, जिकडे पाहावं तिकडे सूत. सासूबाई म्हणत, रॉकेलचं हे भूत सुताजवळ नको. त्यांचं चुकत नव्हतं, पण मला राग यायचाच.

राग स्टोव्हचा नव्हता. उमरेडला माहेरी मी वडिलांच्या बरोबरीनं मागावर बसून लुगडी विणायची. इथं सुनेनं चूल फुंकायची, चरख्यावर सुताच्या कांड्या भरायच्या, संपलं. माग पलीकडच्या खोलीत खटखटायचा आणि मी इकडं धुरात डोळे पुसायची. शेवटी एक दिवस बोललेच, "आत्याबाई, स्टोव्ह लावू द्या. स्वैपाक लवकर आटोपला तं दुपारी मी मागावर बसीन."

सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "उद्या ताण्याले खळ लावाची हाय. शिजवून दाखव तुह्या स्टोव्हवर. शिजली तं दुपारी माग तुहा. नाही तं हे भांडं भंगारात, अन् पुन्हा मागाचं नाव काढाचं नाही."

खळ म्हणजे तांदळाच्या पिठाची पेज. ती उभ्या सुताला, म्हणजे ताण्याला, चोपडली की धागा कडक होतो. कच्ची राहिली तर मागावर पटापट तुटतो. सकाळी गल्लीत ताणा पसरला, आमचे हे कुंचा घेऊन उभे राहिले, आणि मी अंगणात, सुतापासून दूर, स्टोव्ह पेटवला. काय सुरेख निळी ज्योत लागली म्हणता! मी फुशारून गेले, ढवळायचं विसरले, आणि खळ फसकन उतू जाऊन बर्नरवर सांडली.

ज्योत पिवळी झाली, एका बाजूनं भडकायला लागली, रॉकेलचा वास सुटला. हे धावत आले. "हवा कमी पडून राहिली, मारतो पंप," म्हणत खाली वाकले.

"हात लावू नका," मी ओरडले. नवऱ्यावर ओरडले, तेही भर गल्लीत. पण निपल तुंबलेलं असताना हवा भरणं म्हणजे आपल्या हातानं घर पेटवणं. मी हवेची चावी सैल केली. फुस्स करून हवा गेली, ज्योत विझली.

"आता?" हे म्हणाले.

"आता थंड होऊ द्या."

ते थांबणं काय जीवघेणं होतं! ऊन चढत होतं, गल्लीतून जाणारा प्रत्येक जण ताण्याखालून वाकताना विचारी, "काहून थांबून राहिले गा?" बर्नरला हात लावता येऊ लागला तेव्हा निपलच्या भोकात पिन घातली, तर पिन जाईना. खळ आत वाळून दगड झालेली. यांनी तोडगा काढला, चिंधी पेटवून वर ठेव, जळून जाईल. मी आगपेटी उचलून कमरेला खोचली. भीतीपेक्षा रडू जास्त येत होतं. माग हातचा चाललाच होता.

तेवढ्यात सासूबाई न्हाणीतून ऊन पाण्याचा गडू घेऊन आल्या आणि माझ्यापुढं आदळला. "वाळली खळ ऊन पाण्यानं सुटते वं. कोष्ट्याची पोर नं तू?"

खरंच की. निपल काढून पाण्यात टाकलं, बर्नर धुतला, फडक्यानं पुसून कोरडा केला. या वेळी पिन सुळकन गेली. सांडलेलं रॉकेल टिपून फडकं लांब टाकलं, पदर खोचला, स्टोव्हच्या वाटीत थोडं स्पिरिट जाळून बर्नर तापू दिला, मग कुठं बेतानं पंप मारला. स्टोव्ह घुमायला लागला. निळा, सगळीकडून सारखा. मला नाचावंसं वाटलं, पण पातेलं पुन्हा चढवलं आणि या वेळी पळी सोडली नाही.

खळ शिजली. सासूबाईंनी बोटांत धरून तार पाहिली आणि पातेलं उचलून त्या ताण्याकडे गेल्या.

जेवणं झाली तरी मागाचं नाव निघालं नाही. मी भांडी घासायला बसले, मनात म्हटलं, गेलं. तर आतून आवाज आला, "काहून बसली वं तिथं? माग रिकामा हाय."

ओल्या हातांनीच पळाले. मागाच्या खड्ड्यात पाय सोडले, आडव्या सुताचा धोटा फेकला. पहिले दोन धागे तुटले, ते सांधले. मग लय लागली, आणि मला कशाचंच भान राहिलं नाही.

धोट्यातली कांडी संपली. नवी भरावी लागणार म्हणून उठले, तर दाराशी चरखा घेऊन सासूबाई बसल्या होत्या. त्या घरात कांड्या सुनांनी भरायच्या, पुरुषांसाठी. त्यांनी भरलेली कांडी माझ्यापुढं केली.

"उठू नको," म्हणाल्या, "वीण."