मंगीच्या गोष्टीचा शेवट

"शिष्टर, माजी मंगी कुठं हाय वो?" स्टेजवरच्या पोरीनं पदर तोंडात कोंबला, डोळे गरागरा फिरवले, आणि अख्खा हॉल हसला.

मंगी माझी लेक. बोलणं माझं. आणि मी पहिल्या रांगेत बसलेली. कॉलेजच्या मॅडमनीच बसवलं होतं.

पनवेलच्या या नर्सिंग कॉलेजात मी झाडलोट करते. आमची कातकरवाडी कोन गावाच्या पलीकडं. शाळा नाही, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं शिकले. तर एक दिवस मॅडम म्हणाल्या, "मावशी, पेशंटच्या माणसांशी कसं बोलावं ते मुलींना गोष्टीतून शिकवायचंय. तुमची द्या ना." मला बाई बरं वाटलं. मंगीचं कुणी कधी विचारलंच नव्हतं. चहा निवून गेला तरी मी आपली बोलतेच आहे.

सांगितलं की मंगीला ताप होता, दवाखान्यात ठेवलेली. सकाळी मी डब्यात पेज करून नेली, तर खाटेवर दुसरीच बाई. सिस्टरला विचारलं. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "बॉडी खाली नेलीय. इथं गर्दी करू नको."

बस. एवढंच. मी उभी. डबा अजून गरम.

आणि स्टेजवर काय? सिस्टर आईचे दोन्ही हात हातात घेते, तिचे डोळे पुसते. आई पाया पडते, "तुमी देव हाय." टाळ्या.

मी मॅडमना म्हटलं, "असं नव्हतं झालं."

"अहो मावशी, गोष्ट तुमचीच आहे. फक्त शेवट गोड केला. चला वर, शाल द्यायचीय."

वर गेले. उद्या कामावरून काढतील, हे दिसत होतं. शाल घेतली नाही. माईक घेतला.

"माजा हात कुनी धरला नाय. माज्या हातात डबा होता. तो पन कुनी घेतला नाय."

"मावशी भावुक झाल्यात," म्हणत मॅडमनी माईकला हात घातला. मी सोडला नाही.

"मंगीची गोष्ट मी परत घेतली."

आता ती सांगेन तर मीच. आमच्याच बोलीत. जिथं संपली तिथंच संपवीन. आणि जिला हसायचंय, तिनं आधी तो गरम डबा हातात धरून तिथं उभं राहावं.